रोजचा अवघड शब्द पुरे, आता जरा 'पुट' आणि 'गेट' शिकवा

संपादक साहेब, नमस्कार,

आपल्या पुरवणीत खालच्या कोपऱ्यात रोज एक इंग्रजी शब्द येतो, तो मी गेली तीन वर्षं न चुकता कापून वहीत चिकटवतोय. वही इतकी फुगलीय की आता मिटत नाही, रबर लावून ठेवतो. तेव्हा ही तक्रार रोजच्या गिऱ्हाइकाची आहे, राग मानू नका.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत डिस्पॅचला आहे. शिक्षण मराठी मिडीयम, इंग्रजी पाचवीपासून. कास्टिंग, पॅटर्न, ब्लोहोल, रिजेक्शन असे शब्द आमच्या तोंडात दिवसभर असतात, म्हणजे शब्दांची काही टंचाई नाही, अडतं ते वाक्यात. मागच्या वर्षी आमच्या हॉलंडच्या पार्टीचा फोन आला, साहेब मीटिंगला गेलेले म्हणून मी घेतला, तर तो म्हणाला 'कॅन वी पुट ऑफ द सेकंड लॉट टिल मार्च'. आता पुट म्हणजे ठेवणे, ऑफ म्हणजे काहीतरी रवाना करणे आणि टिल मार्च म्हणजे मार्चच्या आत, असा सगळा हिशोब मी दोन सेकंदात मनात केला आणि म्हटलं येस सर, शुअर सर. दुसऱ्या दिवशी पॅलेट भरले, गाडी न्हावा शेवाला निघाली, पेठ नाक्यापर्यंत पोचली पण, आणि तेवढ्यात साहेबांनी त्याचा मेल वाचला की लॉट पुढे ढकलायला होकार दिल्याबद्दल धन्यवाद. गाडी माघारी. भाड्याचा भुर्दंड कंपनीला आणि बोलणी मला.

त्या रात्री वही उघडून बसलो. युबिक्विटस होता, सेरेंडिपिटी होता, ऑब्फस्केट पण होता (हा आजपर्यंत मी कुणाच्याच तोंडून ऐकलेला नाही). पुट कुठंच नव्हता, कारण तो सोपा आहे ना! आम्हाला पण शाळेत पुट म्हणजे ठेवणे एवढंच सांगून पुढच्या धड्यावर नेलं होतं. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, पुट ऑन म्हणजे अंगात घालणं, पुट आउट म्हणजे विझवणं, पुट अप विथ म्हणजे सहन करणं, हे मला वयाच्या पंचेचाळिशीत कळलं.

आता उलटं बघा. एखादा परदेशी माणूस मराठी शिकायला कोल्हापुरात आला तर त्याला पहिल्या महिन्यात तुम्ही 'किंकर्तव्यमूढ' शिकवाल का? त्याला 'लागणे' शिकवाल. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, वेळ लागतो, आंबा गोड लागतो, नाद लागतो आणि तो आमचा कोण लागतो ते पण लागतंच. एवढं एक आलं की गडी अर्धं मराठी बोलायला लागला (हे बघा, अजून एक). इंग्रजीत याच कामाला गेट, टेक, पुट, मेक ही मंडळी आहेत. नोकरी लागली तर गेट, वेळ लागला तर टेक, आग लागली तर कॅच. आपण तिथं एकाला एक शब्द शोधत बसतो आणि गाडी तिथंच अडकते.

मी काही मास्तर नाही, पण नंतर जरा वाचलं तर कळलं की हे दुखणं जुनं आहे. मायकल वेस्ट नावाचा इंग्रज १९२० च्या दशकात ढाक्यात शिक्षकांना शिकवायचा, त्याला दिसलं की तिथल्या पोरांच्या वाचनाच्या पुस्तकात जुनेपुराणे, कुणी न वापरणारे शब्द पानापानाला कोंबलेत, म्हणून त्यानं नेहमीच्या शब्दांची सोपी पुस्तकं लिहिली आणि नवीन शब्द थोडे थोडे करून दिले. पुढं १९५३ मध्ये रोज लागणाऱ्या साधारण २००० शब्दांची यादीच काढली. व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओनं १९५९ पासून हळू बोललेल्या इंग्रजीत बातम्या द्यायला सुरुवात केली, त्यांनी तर १५०० शब्दांत जगाच्या बातम्या बसवल्या. आणि आपण तीन वर्षांत हजारभर शब्द कापले, त्यातला एक फोनवर कामाला येऊ नये?

मी आता काय करतो ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर झाला. पेढ्याच्या रिकाम्या बॉक्समधे पुठ्ठ्याचे पाच कप्पे केलेत. चिठ्ठीवर एका बाजूला मराठी वाक्य, म्हणजे 'लॉट पुढे ढकला' किंवा 'दोन दिवस लागतील', मागं त्याचं आख्खं इंग्रजी वाक्य, सुटा शब्द कधीच नाही. बरोबर आली की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकली की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पाचवा महिन्यातून एकदा. ही लाइटनर नावाच्या जर्मन माणसाची युक्ती आहे, पेढ्याचा बॉक्स तेवढा आपला.

आणि बोलायचं म्हणाल तर दिवसभरात काय झालं ते मोबाईलवर रेकॉर्ड करत चार मिनिटं सांगायचं, मग तेच तीन मिनिटांत, मग तेच दोन मिनिटांत. पहिल्या वेळी नुसतं अँ अँ होतं, तिसऱ्या वेळी तीच वाक्यं आपोआप येतात कारण ती शोधावी लागत नाहीत. बायको पहिले चार दिवस विचारायची कुणाशी भांडताय म्हणून. पोरगी हसते. तिला २००० साली आलेल्या नियमामुळं पहिलीपासून इंग्रजी होतं, ती दहावीत आहे, समानार्थी शब्द पन्नास पाठ आहेत, पण परवा घरी कुरियरवाल्याचा इंग्रजीतून फोन आला तर तिनं पण मोबाईल माझ्याच हातात दिला.

तर विनंती एवढीच की त्या कोपऱ्यात आठवडाभर एकच साधं क्रियापद घ्या आणि रोज त्याची एक तऱ्हा द्या, बँकेतलं, दवाखान्यातलं, एसटी स्टँडवरचं वाक्य घालून. जागा तेवढीच लागेल. पहिला आठवडा 'गेट'चा करा, वाक्यं कमी पडली तर माझ्या बॉक्समधे त्याच्या एकतीस चिठ्ठ्या आहेत, झेरॉक्स काढून पाठवतो.

आपला एक नियमित वाचक,
शिरोली, जि. कोल्हापूर