डिपॉझिट परत मागायचंय ना, मग फोन ठेव आणि लिहायला बस

प्रिय मनू,

तुझे सगळे मेसेज वाचले, पावतीचा फोटो पण झूम करून बघितला. म्हणजे सेकंडहँड गाडीसाठी तू डिपॉझिट भरलंस, मेकॅनिकला गाडीत खोट दिसली म्हणून तू नको म्हणालीस, आणि आता डीलर पैसे परत देत नाहीये. आधी एक काम कर, त्या डीलरला फोन करणं आजपासून बंद. फोनवर तो रोज नवीन काहीतरी सांगतो, कधी सर मीटिंगमध्ये आहेत, कधी अकाउंटवाला रजेवर आहे, कधी म्हणे मॅडम तुमच्यासाठी मी दुसरं गिऱ्हाईक परत पाठवलं, आणि यातलं एकही वाक्य नंतर तुझ्या हातात राहत नाही. त्याचा फोन आला तर एवढंच म्हण की जे काय सांगायचंय ते मेसेज किंवा मेल करा, आणि ठेवून दे. वाद घालू नकोस, समजावत बसू नकोस.

आणि तू लिहिलंयस ना की ‘हो म्हणून आता मागे फिरतेय, मलाच कसंतरी वाटतंय’, ते डोक्यातून काढ आधी. तुला तसं वाटावं म्हणूनच तो तसा बोलतो. सेकंडहँड गाड्यांच्या धंद्यात डिपॉझिट पटकन घ्यायची घाई का असते सांगते, त्या रकमेत त्याचा फायदा फार नसतो, पण एकदा पैसे अडकले की माणूस दुसरी गाडी बघायला जात नाही, घरी पण सांगून टाकतो की घेतली, आणि मग काही खटकलं तरी ‘आता दिलेत ना पैसे’ म्हणून स्वतःचीच समजूत घालतो. यार्डात उभी गाडी म्हणजे त्याचे पैसे अडकलेले, बऱ्याच डीलरांचं व्याज पण चालू असतं, त्यात महिनाअखेरचं टार्गेट. ही सगळी त्याची घाई आहे, तू ती तुझ्या डोक्यावर का घेतेस.

मुळात तू नुसतं हो म्हणालीच नव्हतीस. पैसे भरायच्या आधीचा तुझा मेसेज परत वाच, ‘माझा मेकॅनिक बघून ठीक म्हणाला तरच घेणार, नाहीतर डिपॉझिट परत’, आणि त्यावर त्याचा ‘ओके मॅडम, नो प्रॉब्लेम’. माझ्या मते तुझ्या सगळ्या कागदांत हा एक मेसेज सगळ्यात भारी आहे. तू अट घालून पैसे दिलेस, त्याने अट मान्य करून घेतले, अट पूर्ण झाली नाही, विषय संपला. आत्ताच्या आत्ता त्याचा स्क्रीनशॉट काढ, तारीख वेळ दिसेल असा, आणि पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःलाच मेल करून ठेव, कारण तो त्याच्या बाजूने डिलीट करू शकतो.

आता पावतीवरचा तो ‘नॉन रिफंडेबल’ शिक्का. तू त्यालाच घाबरलीयेस मला माहितेय. पण पावती तुला कधी मिळाली, पैसे भरल्यावर. त्याआधी असं काही तोंडी नाही, लेखी नाही, बोर्डावर नाही. पैसे घेऊन झाल्यावर हळूच अट चिकटवायची आणि म्हणायचं की तुम्ही मान्य केलं होतं, असं करार नावाच्या गोष्टीत चालत नाही, अट आधी सांगावी लागते. आणि दुसरं, शिक्का काहीही म्हणो, गाडीबद्दल खोटं सांगून पैसे घेतले असतील तर त्या शिक्क्याला किंमत उरत नाही. हां, एक खरं सांगते, उद्या गाडी चांगली निघाली असती, त्याने सगळं खरं सांगितलं असतं आणि तुला नुसता रंग आवडेनासा झाला असता, तर मी म्हणाले असते की बाई त्याचं जे खरोखर नुकसान झालं ते कापून देऊ दे. तुझी केस तशी नाहीये.

खोटं कुठे सांगितलं ते नीट मांड, ‘फसवलं फसवलं’ असं मोघम लिहू नकोस. त्याने मेसेजमध्ये लिहिलंय की टायर ओरिजिनल कंपनीचेच आहेत कारण गाडी पळालेलीच नाही. गाडी २०१८ ची. आणि तू टायरचा जो फोटो पाठवलास त्यात बाजूला तो लांबट गोल आहे ना, त्यात चार आकडे आहेत १४२३. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे तो टायर २०२३ च्या चौदाव्या आठवड्यात बनलाय. २०१८ च्या गाडीला तो पहिल्यापासून कसा असेल? चारही टायरचे आकडे बघितलेस का, नसतील बघितले तर मेकॅनिकला विचार, त्याने फोटो काढले असतील. त्यानेच ते पण दाखवलं ना की बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टचा रंग उडालाय आणि एका बाजूच्या हेडलाइटवरची तारीख दुसऱ्या बाजूपेक्षा नवीन आहे, म्हणजे पुढून काहीतरी काम झालंय, आणि डीलर म्हणाला होता नो ॲक्सिडेंट. मेकॅनिककडून हे सगळं त्याच्या लेटरहेडवर दोन ओळीत लिहून घे, तारीख आणि सही घालून. तो नाही म्हणणार नाही, फी दे त्याला.

मग एक पत्र लिहायचं, मेलने पाठवायचं आणि त्याचीच प्रिंट पोचपावती मिळेल अशा पोस्टाने पण. भाषा साधी ठेव, राग काढू नकोस, कारण हे पत्र खरं तर डीलरसाठी नाहीये, उद्या बँकेत किंवा ग्राहक कोर्टात जो तिसरा माणूस वाचेल त्याच्यासाठी आहे. असं काहीतरी लिही:

‘अमुक तारखेला मी तुमच्याकडे या गाडीसाठी इतकं डिपॉझिट भरलं, पावती नंबर हा. पैसे भरण्याआधी मी लेखी कळवलं होतं की माझ्या मेकॅनिकने तपासून ठीक म्हटलं तरच गाडी घेईन, ते तुम्ही लेखी मान्य केलंत. तपासणीत पुढील गोष्टी आढळल्या, त्या तुम्ही दिलेल्या माहितीशी जुळत नाहीत. त्यामुळे मी ही गाडी घेत नाही. माझं पूर्ण डिपॉझिट ज्या कार्डावरून आलं त्याच कार्डावर अमुक तारखेपर्यंत परत करावं. न केल्यास मी बँकेकडे आणि ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जाईन.’

बस, इतकंच. मुदतीला ‘लवकरात लवकर’ लिहू नकोस, ठरलेली तारीख टाक, एकदोन आठवडे पुरे. आणि गाडी म्हणजे नुसती ‘पांढरी हॅचबॅक’ नको, चेसिस नंबर लिही, सतरा अक्षरं-आकडे असतात, मोजून बघ, आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे ओसारखं दिसलं तर तो शून्यच समज.

तू कार्डाने भरलेस हे फार बरं झालं. इतकी वर्षं मी बँकेत कार्डांच्या तक्रारी बघितल्या त्यावरून सांगते, मुदत टळली आणि पैसे आले नाहीत की लगेच कार्ड देणाऱ्या बँकेत डिस्प्यूट टाकायचा, म्हणजे त्या व्यवहाराची तक्रार करून पैसे परत मागायचे, याला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा मास्टरकार्डच्या नियमात अशा तक्रारींना साधारण १२० दिवस मिळतात पण ते कधीपासून मोजायचे हे प्रकारावर ठरतं आणि बँकेची स्वतःची मुदत कमी असू शकते, त्यामुळे ‘अजून वेळ आहे’ म्हणून बसू नकोस, तो डीलर ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ करत करत हीच मुदत घालवायला बघेल. तुझी बँक डीलरच्या बँकेकडे विचारणा करते, त्याला कागद दाखवावे लागतात. तुझ्याकडून बँक पहिली गोष्ट विचारेल की दुकानदाराशी आधी बोललात का, तिथे तुझं ते पत्र लावायचं. आणि कोणीतरी तुला सांगेल की ‘हा व्यवहार मी केलाच नाही असं टाक, पटकन होतं’, ते अजिबात करायचं नाही. ते खोटं आहे, आणि पावतीवर तुझी सही आहे, चांगली केस तू स्वतःच्या हाताने मारशील.

तो म्हणतोय ना की तुमच्यामुळे माझं नुकसान झालं, गाडी अडकली. त्याची ऑनलाइन जाहिरात रोज उघडून बघ आणि स्क्रीनशॉट काढ. गाडी तुझ्या नावाने राखून ठेवली म्हणतो आणि जाहिरात चालूच असेल तर राखून ठेवली नव्हती. आणि विकली गेली असेल तर मग नुकसान कसलं, त्याची गाडी पण गेली आणि वर तुझे पैसे पण ठेवणार?

आता तो मधेच काहीतरी ऑफर देईल. दुसऱ्या गाडीत ॲडजस्ट करतो म्हणेल, नको. पुढच्या तारखेचा चेक देतो म्हणेल, नको, ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत. फाइल चार्ज, क्लीनिंग चार्ज कापून देतो म्हणेल, त्याला लेखी हिशोब मागायचा, बहुतेक तिथेच तो गप्प होईल. सगळ्यात जपायचं म्हणजे ‘यावर सही करा, पैसे संध्याकाळी येतील’. कार्डावर पैसे दिसल्याशिवाय ‘पूर्ण रक्कम मिळाली’ असल्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही, मग समोरचा कितीही गोड बोलो. ओरिजिनल पावती पण द्यायची नाही, झेरॉक्स दे.

मला खरी काळजी वेगळीच वाटतेय आणि तू त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीयेस. त्या दिवशी त्याने तुझ्याकडून ओळखपत्राच्या झेरॉक्स घेतल्या, आणि ‘लोनचं प्रोसेस सुरू करून ठेवतो’ म्हणून दोनतीन फॉर्मवर सह्या पण घेतल्या ना? त्यातला एखादा कोरा होता का आठवून सांग. त्याच पत्रात एक परिच्छेद घाल की लोनचा अर्ज आणि इन्शुरन्सचा काही प्रस्ताव असेल तर तो रद्द समजावा, माझे सही केलेले सगळे फॉर्म परत द्यावेत. आणि ज्या बँकेचा फॉर्म होता त्या बँकेला तू स्वतः वेगळा मेल कर की मी अर्ज मागे घेतेय, डीलरवर सोडू नकोस. डिपॉझिट आज ना उद्या येईल पण तुझ्या नावावर नको ते कर्ज सुरू झालं तर ते निस्तरायला फार त्रास होतो ग.

तिकडे एकटी जाऊ नकोस. कागद आणायला जावंच लागलं तर कोणाला तरी बरोबर घे, जो बोलणार नाही, नुसता शेजारी उभा राहील. तू पण आवाज चढवू नकोस. आणि ‘पैसे दिले नाहीत तर वाईट रिव्ह्यू टाकीन’ असं लिहायचं नाही, ते धमकीसारखं दिसतं आणि तो तेवढंच दाखवत फिरेल. रिव्ह्यू टाकायचाच तर सगळं मिटल्यावर टाक, आणि जेवढं कागदावर सिद्ध होतं तेवढंच लिही.

एवढं करूनही नाही दिले तर ग्राहक कोर्टात, त्यासाठी वकील लागेलच असं नाही, लहान रकमेच्या तक्रारी बरेच जण स्वतःच चालवतात, मी येईन बरोबर. पण बहुतेक तिथपर्यंत जाणार नाही. गयावया करणारं गिऱ्हाईक त्याला चालतं, तारीखवार कागद लावणारं नको असतं.

पत्र आज रात्री लिही, पाठवायच्या आधी मला दाखव. आणि पावतीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव, तू पुढचाच पाठवलायस, अटी मागे छापलेल्या असतात.

तुझी,
आई