ड्राय आइस: घमेल्यातला धूर पुरे, आता तराजू काढा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

फेब्रुवारीअखेर विज्ञान दिन आला की बऱ्याच शाळांत ड्राय आइसचा, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइडचा, एक ठरलेला खेळ होतो. घमेल्यात गरम पाणी, त्यात लग्नाच्या स्टेजवाल्याकडून आणलेले तुकडे, टेबलावरून खाली ओघळणारे पांढरे लोट, टाळ्या, फोटो. पाच मिनिटांत पाणी गार पडतं आणि कार्यक्रम आटोपतो. त्यातून मुलं फारसं काही शिकत नाहीत, आणि जे सांगितलं जातं तेही बहुतेक वेळा चुकीचं असतं: “हा बघा कार्बन डायऑक्साइड!”

कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. दिसतं ते धुकं, म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. उणे ७८.५ अंश सेल्सिअसच्या तुकड्यातून निघालेला थंडगार वायू कोमट पाण्यातून वर येताना वाफ उचलतो आणि त्या वाफेचे लगेच थेंब होतात. पडताळायचं असेल तर एक तुकडा वाटीभर कोमट गोडेतेलात टाकावा. बुडबुडे तितकेच, धुकं मात्र जवळजवळ नाहीच.

ड्राय आइस शाळेत आणूच नये, असं आमचं म्हणणं नाही. उलट संप्लवन, म्हणजे घनाचा द्रव न होता थेट वायू होणं, शिकवायला यापेक्षा चांगला पदार्थ मिळणं कठीण. कापराचा वास वर्गभर राहतो, आयोडीनची वाफ घातक. नवसागराचं (अमोनियम क्लोराइडचं) तर खऱ्या अर्थाने संप्लवनही होत नाही. तापवल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतात आणि गार भागावर ते पुन्हा एकत्र येतात. हे पाठ्यपुस्तकांनी कधीतरी स्पष्ट लिहायला हवं. ड्राय आइसच्या बाबतीत ही भानगड नाही. द्रव कार्बन डायऑक्साइडला नेहमीच्या हवेच्या सुमारे ५.१ पट दाब लागतो, वर्गात तो नसतो, म्हणून घनाचा थेट वायू होतो. फक्त हे संप्लवन मोजायला हवं.

पन्नासेक मुलांच्या वर्गाचे सहा गट केले, तर २ किलो माल पुरतो, तोही प्रयोगाच्या दिवशी सकाळीच आणलेला. आदल्या दिवशी आणला तर साध्या थर्माकोलच्या पेटीत रात्रीतून त्यातला बराचसा उडून जातो. बोटाएवढे जाड तुकडे मागावेत. तांदळाएवढ्या बारीक गोळ्या स्वस्त पडल्या तरी घेऊ नयेत. त्यांचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे त्या हातात येईपर्यंत अर्ध्या होतात.

पहिला प्रयोग वजनाचा. ५० ग्रॅमचा तुकडा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर ठेवायचा आणि दर दोन मिनिटांनी आकडा लिहायचा. काट्यावर आधी थर्माकोलचा जाड तुकडा हवाच; नाहीतर आतला संवेदक गारठतो आणि आकडे भरकटतात. बंद खोलीत मिनिटाला साधारण अर्धा ते एक ग्रॅम घटतो, पंखा लावला की वेग वाढतो. मग तेवढ्याच वजनाचा चुरा पसरून तेच मोजायचं. आलेख काढला की पृष्ठभाग आणि वेग यांचा संबंध मुलं स्वतःच बोलून दाखवतात. पावसाळी हवेत एक घोळ होतो: तुकड्यावर हवेतल्या बाष्पाचं पांढरं हिम साचतं आणि घट कमी भासते. हिम खरवडून पुन्हा वजन केलं की फरक कळतो.

दुसरा फुग्याचा. १ किलो ड्राय आइसपासून खोलीच्या तापमानाला सुमारे ५५० लिटर वायू होतो, म्हणजे ५ ग्रॅमपासून पावणेतीन लिटर. एवढ्या वायूचा गोल फुगा साधारण १७ सेंटिमीटर व्यासाचा भरतो, घेर ५४-५५ सेंटिमीटर. आधी वहीत हिशोब, मग शिंप्याच्या टेपने घेर मोजायचा. तुकडा थेट फुग्यात टाकला तर रबर एका जागी कडक होऊन फुटतं, म्हणून तो छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत टाकून तोंडावर फुगा चढवावा. “थोडा मोठा तुकडा टाकू” हा मोह टाळावा. २० ग्रॅमला ११ लिटर वायू होतो आणि साधा फुगा तिथे दम तोडतो. फुगा दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला तर आणखी एक गोष्ट दिसते: तोंडाने फुगवलेल्या फुग्यापेक्षा हा लवकर लहान होतो, कारण कार्बन डायऑक्साइड रबरातून भराभर झिरपतो.

दहावीला अप्रकट ऊष्मा (तापमान न बदलता अवस्था बदलायला लागणारी उष्णता) असतो, तिथे तिसरा प्रयोग. ४५ अंशांच्या ५०० मिलिलिटर पाण्यात ५० ग्रॅम टाकायचे. संप्लवनाला ग्रॅममागे सुमारे ५७० ज्यूल लागतात (बर्फ वितळायला ३३४), त्यामुळे पाणी हिशोबाने १४ अंशांनी उतरायला हवं. प्रत्यक्षात थोडं जास्त उतरतं. निघून जाणारा वायू स्वतः तापून जातो आणि सोबत वाफही नेतो, हे मुलांकडून काढून घ्यावं. भांडं उंच हवं, नाहीतर पाणी उडून हिशोब बिघडतो. साध्या काचेचा ग्लास नको, तडकतो. पाणी सुरुवातीलाच थंड असेल तर तुकड्याभोवती बर्फाचं कवच बसतं आणि सगळं मंदावतं. घमेल्यातला धूर पाच मिनिटांत थांबतो तो याच दोन कारणांनी: पाण्याची वाफ कमी होते आणि कवच चढतं.

चुन्याच्या निवळीचा प्रयोग सगळे करतात आणि निम्मे फसतात. निवळीत मोठा तुकडा टाकला की ती दुधाळ होते, पण बुडबुडे आणि धुक्यात ते दिसायच्या आत पुढची, जास्तीच्या वायूने पुन्हा निवळण्याची क्रिया सुरू होते. २०० मिलिलिटर निवळीला सगळा चुना खाली बसवायला पाव ग्रॅमसुद्धा कार्बन डायऑक्साइड लागत नाही. हरभऱ्याएवढा तुकडा पुरे. दुधाळपणा नीट दिसला की आणखी तुकडे टाकून पाणी पुन्हा निवळतं का ते पाहायचं. संपृक्त निवळी पूर्ण निवळत नाही, कारण निवळताना तयार होणारं विद्राव्य बायकार्बोनेट पाण्यात मावेल तेवढंच मावतं. एक भाग निवळीत दोन भाग पाणी आधीच घातलं तर छान निवळते. सोड्याने लाल केलेलं हळदीचं पाणी ड्राय आइसने पुन्हा पिवळं करायच्या प्रयोगाचंही तसंच. धुण्याचा सोडा चिमटीभरही जास्त होतो. पाणी जेमतेम लाल होईल एवढाच घालावा, म्हणजे ते पटकन पिवळं होतं.

मॅग्नेशियमची फीत ड्राय आइसच्या खळग्यात जाळण्याचे व्हिडिओ मुलं दाखवतात. तो प्रयोग शाळेत नको. डोळे दिपवणारा प्रकाश आणि उडणारे तप्त कण सांभाळायची सोय शाळेत नसते.

आता धोक्याचं. हात भाजण्याबद्दल बहुतेकांना माहीत असतं: जाड, कोरडे, सैल हातमोजे किंवा सांडशी, डोळ्यांना गॉगल. पातळ रबरी मोजे निरुपयोगी, ओले मोजे तर घातकच. चटका बसला तर चोळू नये. कोमट पाण्यात धरावं आणि फोड आला तर डॉक्टरकडे जावं. तुकडा तोंडात जाता कामा नये, हेही ठणकावून सांगावं लागतं. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात मुखवास समजून ड्राय आइस खाल्लेल्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या.

खरी चूक होते ती झाकणाची, आणि ती बहुधा मोठ्या माणसांकडून होते. उरलेला माल “थंड राहील” म्हणून फिरकीच्या झाकणाच्या थर्मासमध्ये किंवा बाटलीत भरला जातो. लिटरभराच्या बाटलीत २० ग्रॅम टाकले तरी ११ लिटर वायू कोंडतो. बाटली कधी फुटेल सांगता येत नाही, म्हणून अशी बाटली दिसली तर झाकण उघडायलाही जवळ जाऊ नये. सगळ्यांना लांब न्यावं. थर्माकोलची पेटीही चिकटपट्टीने हवाबंद करू नये. फ्रीजरचा उपयोग नाही: उणे १८ अंश ड्राय आइसला गरमच, आणि आतल्या थंडीने फ्रीजचा थर्मोस्टॅट कंप्रेसर बंद पाडतो.

दुसरा धोका हवेचा. ७ बाय ६ बाय ३ मीटरच्या बंद वर्गात १ किलो पूर्ण उडाला, तर हवेत सुमारे ०.४४ टक्का कार्बन डायऑक्साइड वाढतो. कामाच्या जागी आठ तासांसाठी मान्य मर्यादा ०.५ टक्का आहे. हा झाला सरासरीचा हिशोब. हा वायू हवेच्या दीडपट जड, खाली साचतो, आणि आपल्याकडे लहान मुलं टेबलासमोर सतरंजीवर बसलेली असतात, नेमकी लोट उतरतात तिथे. मुलांना बाकांवर बसवावं, खिडक्या-दारं उघडी ठेवावीत, एका वेळी पेटीबाहेर अर्ध्या किलोपेक्षा जास्त काढू नये. गरम पाण्यात पाचदहा किलो ओतण्याचा भव्य देखावा तर मुळीच नको. मॉस्कोत फेब्रुवारी २०२० मध्ये एका पार्टीत बंदिस्त तलावात सुमारे २५ किलो ड्राय आइस ओतला आणि तिघांचा जीव गेला. डोकं दुखणं, धाप लागणं ही पहिली खूण. मुलाला लगेच मोकळ्या हवेत न्यावं. शिक्षकांनी पेटी आणतानाही गाडीच्या काचा खाली ठेवाव्यात. बंद गाडीत हवा जेमतेम तीन घनमीटर असते.

उरलेले तुकडे बेसिनमध्ये टाकू नयेत, पाइप आणि चिनीमाती तडकते. पेटीचं झाकण सैल ठेवून ती गच्चीवर ठेवावी, गच्चीच्या दाराला कुलूप लावावं आणि किल्ली शिपायाकडे न देता प्रयोग घेणाऱ्या शिक्षकांनी स्वतःकडे ठेवावी. सकाळी पेटी रिकामी असते.

आपले,
रसायनशास्त्र शिकवणारे दोन वाचक, पुणे