फॅमिलिअरचे कालवण होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मुंबईतली मुले सुट्टीत एकत्र बसून फासे टाकतात, गोष्ट रचतात, याची दखल घेतल्याबद्दल आभार. मात्र सोबतचा प्राणी शिजवून खाणे, मंत्राने स्वयंपाक करणे या गमतींना लेखात वात्रटपणा म्हटले आहे आणि डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, त्या तिथल्या तिथे थांबवाव्यात असा सल्ला दिला आहे. तो आम्हांला मान्य नाही. हा विनोद थांबवायचा नसतो, नियमाने चालवायचा असतो. 'चालतंय, खाल्लास' म्हणून सोडून दिले की तो लगेच शिळा होतो. नियम काटेकोर लावला की तो रंगतो, आणि खेळाडू मंत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागतात.

पुढचे सगळे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांनुसार आहे.

'फाइंड फॅमिलिअर' या मंत्राने फॅमिलिअर, म्हणजे प्राण्याच्या रूपातला सोबती, मिळतो. त्याच्या रूपांच्या यादीत घुबड, मांजर, डोमकावळा यांच्यासोबत खेकडा, ऑक्टोपस आणि मासाही आहे. आपल्याकडचा खेळाडू खेकड्यापाशी थांबतोच, आणि पहिला प्रश्न कालवणाचा येतो. उत्तर मंत्रातच आहे. फॅमिलिअर दिसतो खेकड्यासारखा, पण तो स्वर्गातला, परीलोकातला किंवा पाताळातला जीव असतो. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, अवघे २. उकळत्या पाण्यात टाकला की शून्यावर येतो आणि शून्यावर आला की नाहीसा होतो, कवचसुद्धा मागे राहत नाही. टोपात उरते नुसते वाटण आणि पाणी. तो परत हवा असेल तर १० सुवर्णनाण्यांचा कोळसा, धूप आणि वनौषधी पितळी शेगडीत जाळून तासभर मंत्र म्हणावा लागतो. एका दिवसाची शिदोरी ५ रौप्यनाण्यांना मिळते आणि एका सुवर्णनाण्याची १० रौप्यनाणी होतात. म्हणजे त्या रिकाम्या कालवणापायी २० दिवसांची शिदोरी गेली. डीएमने हा हिशेब टेबलावर मोठ्याने करावा, हशा तिथेच पिकतो. 'मग आधी नांगी तोडून घेतो' असे कुणीतरी म्हणतेच. त्यावर नियमात काही नाही. आमच्या मते तोडलेला भागही फॅमिलिअरबरोबर जावा, नाहीतर ऑक्टोपसच्या आठ पायांवर पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, जन्मभर जेवेल.

'कंजर अ‍ॅनिमल्स'ने आणलेल्या प्राण्यांचेही तेच, शून्यावर आले की गायब. रूप बदलणाऱ्या 'पॉलिमॉर्फ'मध्ये जरा अधिक बारकावा आहे. शेळीला रानडुक्कर करून जास्त मटण मिळवू, ही कल्पना दोन ठिकाणी अडते. एक, नवे रूप मूळ प्राण्याच्या चॅलेंज रेटिंगपेक्षा (लढायला किती अवघड, याचा आकडा) वरचे चालत नाही. शेळीचे रेटिंग ०, रानडुकराचे पाव. तिचे हरीण होईल, डुक्कर नाही. दुसरे, हरीण शून्यावर आले की समोर पुन्हा शेळीच उभी राहते, आणि उरलेला मार तिला बसतो. 'एन्लार्ज'ने कोंबडीचे वजन आठपट होते, पण एकच मिनिट. तेवढ्यात ती शिजत नाही. शिजवलेली मोठी करून खाल्ली, तर मिनिट संपताच पोटातला घास आठव्या हिश्शावर यावा, असा निवाडा आम्ही सुचवतो.

रेंजर, म्हणजे रानात वावरणारा योद्धा, या पात्राचा सोबती प्राणी मात्र हाडामांसाचा असतो. तो मेला तर रेंजर ८ तास घालवून दुसऱ्या प्राण्याशी नाते जोडू शकतो, त्यामुळे नियमाच्या नजरेतून पाहिले तर तो खाता येतो. इथे डीएमने सांभाळावे. टेबलावर शाकाहारी घरातले, जैन, किंवा घरी कुत्रा पाळलेले कुणी असू शकते. असा प्रसंग चालेल का, हे पहिल्या बैठकीतच विचारावे आणि एकाने जरी नाही म्हटले तरी तो प्रसंग आणू नये. शिवाय 'भूक लागली, खाणारच' ही सबबही चालत नाही. अन्नाशिवाय माणूस ३ अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर (पात्राच्या काटकपणाचा आकडा) इतके दिवस काढतो. मॉडिफायर २ असेल तर पाच दिवस काहीच होत नाही, सहाव्या दिवसाअखेर थकव्याची पहिली पायरी चढते. त्यातून पार्टीत ड्रुइड, म्हणजे निसर्गाचे मंत्र जाणणारा, असला तर भुकेचा प्रश्नच उरत नाही. 'गुडबेरी'च्या एका पहिल्या लेव्हलच्या स्लॉटमध्ये (मंत्र म्हणायच्या संधीत) दहा बोरे मिळतात आणि प्रत्येक बोर एका जिवाला दिवसभर पुरते. जीव किती मोठा याची अट नाही, त्यामुळे हत्तीलाही एकच बोर पुरे!

आमचा सर्वांत आवडता प्रकार मंत्राच्या जेवणाचा. 'क्रिएट फूड अँड वॉटर'ने ४५ पाउंड, म्हणजे सुमारे २० किलो अन्न येते. पंधरा जणांचे पोट भरते, पण ते असते बेचव. त्याला 'प्रेस्टिडिजिटेशन'ची जोड द्यावी. हा मंत्र एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर निर्जीव वस्तूला चव देतो. २० किलो अन्न एकाच पातेल्यात दाबून भरले तर एकदाच मंत्र म्हणून सगळ्याला लसणाच्या चटणीची चव येते. गरम करायचे असेल तर मंत्र पुन्हा म्हणावा लागतो. खेळाडू चुकतात ते इथे. ताटे आधी वाढली की अन्न घनफुटाबाहेर पसरते आणि अर्धी पंगत फिके जेवते. चव टिकते एकच तास, म्हणून पहाऱ्यावरून उशिरा आलेल्याच्या वाट्याला फिकेच येते, आणि २४ तासांनी उरलेले सगळे नासते. पहाऱ्याच्या पाळ्या आणि पंगतीची वेळ यांवरून होणारे भांडण कित्येकदा ड्रॅगनपेक्षा जास्त रंगते.

नियमांची चौकट छापणार असाल तर आवृत्तीचे साल जरूर द्यावे. २०२४ च्या नियमांत 'कंजर अ‍ॅनिमल्स' पूर्ण बदलला आहे, आता प्राण्यांच्या कळपासारखे आत्मे येतात. फॅमिलिअरसाठी शून्य रेटिंगचा कोणताही प्राणी चालतो, म्हणजे शेळीसुद्धा. तीही शून्यावर आली की नाहीशी होते, त्यामुळे मटण नाही ते नाहीच. दुधाचा प्रश्न मात्र खुला आहे. शेळी समोर आहे तोवर दूध प्यायला हरकत नसावी, पण तिला मंत्राच्या नियमाप्रमाणे तात्पुरते दुसऱ्या मितीत, म्हणजे वेगळ्या जगात, पाठवले की भांड्यातले दूधही तिच्यासोबत जावे, असे आमचे मत आहे.

आपले,
काही डीएम, दादर, मुंबई