हाताला कळतं, पाठीला कळत नाही

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

माल चढवण्या-उतरवण्याचं काम धरलंस, आणि वर लिहिलंस, "बाबा, इथे आकडेमोड नाही, अंदाज चालतो." हसलो. तुझ्या गणिताच्या वह्यांवर सह्या मीच करत होतो ना!

अंदाज चालतो हे खरंच आहे. पेटीचा एक कोपरा जरा उचलून बघितला की वजन कुठल्या बाजूला आहे, आत काही सैल हलतंय का, हे हाताला कळतं. थप्पीचंही तसंच. जड खाली, हलकं वर, गोण्या आडव्या-उभ्या गुंफलेल्या; तरी एखादी झुकायला लागली की जुना हमाल बोलता बोलता बाजूला सरकतो. का सरकला, ते त्याला विचारून उपयोग नाही.

पण हात फसतोही. सारख्याच वजनाची एक मोठी आणि एक लहान पेटी उचलून बघ, लहान जास्त जड लागेल. काट्यावर दोन्ही सारख्या भरल्या तरी पुन्हा तसंच वाटेल. शार्पांतिये नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९१ मध्येच हे मांडलं होतं. मला फसवलं ते खिळ्यांच्या टीचभर खोक्याने. हलकं समजून वाकून एका हाताने ओढलं आणि आठ दिवस आडवा झालो. तुला तेव्हा 'बाबांना ताप आहे' असं सांगितलं होतं.

आणि पाठ? मणक्यांमधल्या निरोगी चकतीच्या आतल्या भागात वेदनेच्या नसाच नसतात. तिथून खबरच येत नाही, मग अंदाज कशाचा बांधणार? ओझं मणक्यापासून तिप्पट लांब धरलंस, तर कमरेवर त्याचा जोरही तिप्पट पडतो. कामगारांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या 'निऑश' या संस्थेच्या सूत्रात अगदी सोयीच्या स्थितीतही उचलायची मर्यादा २३ किलोची आहे; वाकलास, वळलास की ती आणखी खाली येते. तेवढा एक आकडा पाठ कर, बाकीचे माफ.

बंद कंटेनरचंही तसंच आहे. कीड मारायला आत गॅस सोडलेला असू शकतो आणि मिथाइल ब्रोमाइडला वास जवळजवळ नसतोच. दारावरची धोक्याची चिठ्ठी वाच. ती नसली तरी आतली हवा तपासली का, हे मुकादमाला विचार, तो चिडला तरी. दार उघडताना समोर उभा राहू नकोस, सरकलेला माल दाराला टेकूनच बसलेला असू शकतो.

कमरेचा पट्टा मागितलास, तो पाठवत नाही. त्याने इजा टळते असं तपासण्यांत ठामपणे दिसलेलं नाही, आणि बांधला की माणूस उगाच जास्त उचलेल अशी भीती असते. त्याऐवजी पुढे लोखंडी टोपी असलेले बूट घेतो. नंबर तोच आहे की पाय वाढले, ते कळव.

तुझा,
बाबा