उत्तर देताना मुलांचे हात मोकळे असू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीच्या वर्गात ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा आजही रोज ऐकू येते. एका खोलीत पंचवीस-तीस मुले, सेविका एकटी आणि वर पत्र्यावर पावसाचा मारा, अशा वेळी तिला दोन मिनिटे शांतता हवी असते. त्या दोन मिनिटांना माझी हरकत नाही. हरकत आहे ती मूल उभे राहून उत्तर देताना, गोष्ट सांगताना किंवा हिशेब समजावताना ‘हात खाली’, ‘हातवारे नकोत’ असे त्याला दरडावण्याला. कारण त्या वेळी मुलाचे हात त्याला विचार करायला मदत करत असतात.

शिकागो विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ सुझन गोल्डिन-मेडो यांनी या विषयावर अनेक दशके काम केले आहे. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग शिक्षकांनी आवर्जून समजून घ्यावा असा आहे. आधी गणित सोडवायला दिले, मग लक्षात ठेवायला एक छोटी यादी दिली. ती मनात धरून उत्तर कसे काढले ते समजावून सांगायचे आणि शेवटी यादी म्हणून दाखवायची. समजावताना हात मोकळे होते तेव्हा यादीतले जास्त आठवले. हात हलवायला मनाई होती तेव्हा कमी. मुलांमध्येही आणि मोठ्यांमध्येही. १९९८ मध्ये जेना आयव्हर्सन आणि गोल्डिन-मेडो यांना असेही आढळले, की जन्मापासून दृष्टी नसलेली मुले बोलताना हात हलवतात, समोरचा ऐकणाराही अंध असला तरी. म्हणजे हातवारे केवळ दुसऱ्याला दाखवण्यासाठी नसतात.

कोणत्याही अंगणवाडीत करून पाहता येईल असा एक प्रयोग सांगते. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्या. दोन्हीकडे सारखे आहे हे मुलाकडून कबूल करून घ्या, ही पायरी गाळू नका. मग एका पेल्यातले पाणी त्याच्यादेखत पसरट ताटलीत ओता आणि विचारा, आता पाणी सारखे आहे की कुठे जास्त आहे? पाच-सहा वर्षांची बरीच मुले म्हणतील, ‘पेल्यात जास्त, तो उंच आहे.’ इथे उत्तर चूक म्हणून पुढच्या मुलाकडे वळू नका. ‘कशावरून?’ असे विचारा आणि हातांकडे बघा. काही मुले तोंडाने उंची सांगतात, हातानेही उंचीच दाखवतात. काही मुले तोंडाने ‘उंच’ म्हणतात आणि त्याच वेळी दोन्ही तळवे फाकवून ताटलीची रुंदी दाखवतात. रुंदीचा शब्द त्यांच्या तोंडी अजून आलेला नाही, पण हाताला ती कळली आहे. ब्रेकिन्रिज चर्च आणि गोल्डिन-मेडो यांनी १९८६ मध्ये दाखवले, की तोंड आणि हात असे वेगवेगळे बोलणारी मुले शिकवल्यावर इतरांपेक्षा लवकर पुढे सरकतात. घडी घातलेल्या हातांतून बाईंना हे कधीच दिसणार नाही.

तिसरी-चौथीसाठीही असेच आहे. ४ + ३ + ६ = __ + ६ हे उदाहरण फळ्यावर लिहा. कित्येक मुले १३ लिहितात, काही सगळ्या संख्या मिळवून १९ लिहितात, कारण ‘बरोबर’चे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असा त्यांचा समज असतो. २००८ च्या एका अभ्यासात मुलांना डावा हात चिन्हाच्या डाव्या बाजूखालून आणि उजवा हात उजव्या बाजूखालून फिरवायला शिकवले; दोन्ही बाजू सारख्या करायच्या, एवढाच त्याचा अर्थ. चार आठवड्यांनी पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा हात वापरून शिकलेल्यांच्या ते जास्त लक्षात होते. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात तर्जनी आणि मधले बोट फाकवून ४ आणि ३ खाली ठेवायचे आणि मग रिकाम्या जागेवर बोट न्यायचे, अशी खूण दिली. बोटे चुकीच्या आकड्यांखाली ठेवायला शिकवलेली मुलेही हात न वापरणाऱ्यांपेक्षा जास्त शिकली, आणि बरोबर आकड्यांखाली ठेवणारी सर्वांत जास्त. तेव्हा खूण नीट जमत नाही म्हणून ती बंद करू नये.

पण हे शाळेच्या बरेच आधी, घरात सुरू होते, आणि तिथे आपल्या हातात जास्त आहे. साधारण नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान मूल बोट दाखवू लागते. आयव्हर्सन आणि गोल्डिन-मेडो यांच्या २००५ च्या अभ्यासात मुलांनी वस्तू आधी बोटाने दाखवली आणि सरासरी सुमारे तीन महिन्यांनी तिचे नाव उच्चारले. पुढची पायरी आणखी महत्त्वाची. ओट्यावर ठेवलेल्या आजोबांच्या चपलांकडे बोट करून मूल ‘आजा’ म्हणते. हे बोट आणि शब्द मिळून एक वाक्यच आहे. अशी जोडी जुळवणाऱ्या मुलांकडून काही महिन्यांत दोन शब्दांची जोडी येते. आणि आईने मुलाचे बोट शब्दांत सांगितले, तर नेमके तेच शब्द मुलाच्या तोंडी येण्याची शक्यता वाढते, हे २००७ मध्ये दिसून आले.

म्हणून बोट उठले की काय करावे ते सांगते. मुलाच्या उंचीला बसा. बोटाच्या रोखाने बघा. मूल खिडकीतल्या मांजराकडे दाखवत असते आणि आपण खिडकीला टांगलेल्या दिव्याचे नाव घेतो, असे फार होते. मग एक शब्द आणि पाठोपाठ छोटे वाक्य: ‘बांगडो. ताजो बांगडो.’ घरात मालवणी असेल तर मालवणीतच बोला, त्यासाठी पुस्तकी मराठी नको. मनात पाच अंक मोजेपर्यंत गप्प राहा. मुलाने आवाज काढला, परत बोट केले किंवा तुमच्याकडे पाहिले, तर त्याला जोडून आणखी एक शब्द द्या.

चुका बहुधा ठरावीक असतात. मुलाने बोट केले की न बोलता वस्तू हातात देणे ही सर्वांत मोठी. दुसरी, ‘हे काय? आणि हे काय?’ अशी परीक्षा घेणे. नाव त्याला आधी ऐकायला मिळायला हवे. मुलाचे बोट धरून जबरदस्तीने चित्रावर ठेवू नका. काखोटीला मारलेले मूल मागे बघत असते, त्याचे बोट आपल्याला दिसतच नाही. मासळीबाजारात किंवा एसटी थांब्यावर त्याला थोडा वेळ खाली उतरवा. परसातल्या कोवळ्या काकडीला बोट दाखवले की ती कुजते, असे आपल्याकडे मानतात. ज्यांना पाळायचे त्यांनी आपले बोट वाकवून दाखवावे, पण पोराच्या हातावर चापट मारू नये. ‘काकडी’ म्हणावे.

बाप मुंबईत आणि मूल आजीकडे, ही कोकणातल्या कितीतरी घरांची स्थिती आहे. व्हिडिओ कॉलवर मूल बाजूच्या कोंबडीकडे बोट करते, ते बापाला दिसत नाही आणि तो ‘पप्पा बोल, पप्पा बोल’ म्हणत राहतो. आजीने मोबाइल कोंबडीकडे फिरवावा, बापाने ‘कोंबडी’ म्हणावे, मग मोबाइल पुन्हा मुलाकडे. एवढे पुरते. एरवी दोन वर्षांच्या आत मोबाइल, टीव्ही नको, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस आहे. बाळांना खास खुणा शिकवणाऱ्या वर्गांवर पैसे घालवू नयेत. ब्रिटनमधल्या २०१३ च्या अभ्यासात त्यामुळे भाषा लवकर आली असे आढळले नाही.

‘आजपासून मुलाशी जास्त बोलेन’ हा संकल्प चार दिवस टिकतो, कारण तो कधी आणि कशावर करायचा हे ठरलेले नसते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली ‘जर-तर’ योजना इथे उपयोगी पडते: ‘जर त्याचे बोट उठले, तर मी हातातले खाली ठेवेन आणि नाव घेईन.’ सुरुवातीला ती एकाच प्रसंगाला बांधा, संध्याकाळची दिवाबत्ती किंवा सकाळची न्याहारी. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. मासेमारीच्या दिवसांत किंवा आंब्याच्या हंगामात खंड पडला, तर हे लक्षात ठेवावे.

शिकागोतल्या ५० कुटुंबांच्या अभ्यासात (२००९) चौदा महिन्यांची सधन घरातली मुले दीड तासात हातांनी सरासरी २४ वेगवेगळे अर्थ दाखवत होती, कमी उत्पन्नाच्या घरातली १३. साडेचार वर्षांच्या वयातल्या शब्दसंग्रहातही तोच फरक दिसला. आकडे तिथले आहेत, आणि दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. तरी या फरकावर काम करायला पैसा लागत नाही.

एक सावधगिरी. मूल बारा महिन्यांचे झाले तरी बोट दाखवणे, टाटा करणे यांतले काहीच करत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, चोवीस महिन्यांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात गेले असतील, तर ‘याचा बापही उशिरा बोलला’ म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना, २०१३ मध्ये आपल्या कोकणातल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचे तपासणी पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणे अपेक्षित असते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि सेविकेला आधीच सांगून ठेवा.

महिला व बालविकास विभागाला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना विनंती, की सेविकांच्या मासिक बैठकीत आणि शाळांच्या समूह-केंद्रातल्या शिक्षण परिषदेत वरचा पाण्याचा प्रयोग एका मुलासोबत प्रत्यक्ष करून दाखवावा. दोन पेले, एक ताटली आणि पंधरा मिनिटे लागतात. मुलाचा चेहरा आणि हात दोन्ही दिसतील असे सर्वांनी समोर बसावे.

आपली,
बालविकास विषयाची एक शिक्षिका, सावंतवाडी