धूर किती पुढे गेला?

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, वारा धूर वाहून नेतो, त्यात एवढं गणित कसलं? बोलता बोलता नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

धूर आणि वायू हवेत कसे पसरतात ते आम्ही संगणकावरच्या मॉडेलने काढतो. त्यात पृथ्वीभोवतीची सगळी हवा चौकटींत विभागलेली असते. समजा, एक चौकट धुराने भरली आहे, धूर १००. पुढच्या दोन रिकाम्या. वारा गणिताच्या एका पावलात, म्हणजे ठरावीक छोट्या वेळात, पाव चौकट सरकतो. सर्वांत साधी पद्धत म्हणजे चौकटीतला पाव धूर पुढे ढकलायचा. मागे ७५, पुढे २५. पुन्हा तेच केलं की ५६.२५, ३७.५ आणि तिसऱ्या चौकटीत ६.२५. बेरीज चोख १००. पण खरा धूर अजून अर्धीच चौकट सरकलाय, तिसरीत त्याचा कणही नको! दुसरीत शिरलेला धूर लगेच तिच्यात सगळीकडे सारखा पसरला असं ही पद्धत धरून चालते. हजारो पावलांनंतर ज्वालामुखीच्या राखेचा बारीक पट्टा पार विरून जातो.

जास्त अचूक सूत्रं आहेत, पण ती धुराच्या कडेला खोट्या लाटा उठवतात आणि कुठेतरी ओझोन चक्क उणे येतो. तो शून्य करून टाकला, तर नसलेला वायू हवेत वाढतो. रशियन गणितज्ञ गोदुनोव यांनी १९५९ मध्ये सिद्धच केलं की पहिल्या कोटीहून, म्हणजे वरच्या साध्या पद्धतीच्या पातळीहून, अधिक अचूक असलेली कोणतीही रेषीय पद्धत (धूर कसाही असो, तेच ठरलेले गुणक वापरणारी) या लाटा टाळू शकत नाही. मला हा सिद्धांत फार आवडतो, कारण वाट कुठे शोधायची ते त्यातूनच कळतं. रेषीयपणा सोडायचा. आजच्या पद्धती चढउतार पाहून वागतात, कडेपाशी सावध होतात.

सर्वांत जपायचं ते वस्तुमान. कार्बन डायऑक्साइड हवेत दहा लाखांत सुमारे ४२० भाग आहे आणि वर्षाला दोन-तीन भागांनी वाढतो. गणितात महिन्याला हजारातला एक हिस्सा जरी हरवला, तरी वर्षात जवळजवळ पाच भाग गायब, म्हणजे खऱ्या वाढीहून जास्त. मग जंगलं किती कार्बन शोषतात हे त्या मॉडेलला काय विचारायचं? म्हणून एका चौकटीतून जेवढं निघालं तेवढंच शेजारी जमा झालं पाहिजे, यावर मी अडून बसते.

ध्रुवांजवळ रेखावृत्तं एकवटतात, चौकटी चिंचोळ्या होतात आणि वारा एका पावलात कितीतरी चौकटी ओलांडतो. सध्या माझं काम तिथेच चाललंय. आई, तुला काही अडलं तर फोनवर विचार.

तुमची लेक