देवघरातला बल्ब

वायरमनदादा, सप्रेम नमस्कार.

त्या रात्री गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. आपल्या भागातलं कुणी वाचलं तर तुमच्यापर्यंत पोचवेलच.

वळवाचा पाऊस झाला आणि दोन दिवस आमच्या घरातल्या दिव्यांनी जीव नकोसा केला. फ्रीज सुरू झाला की माजघरातला साठचा पिवळा बल्ब निखाऱ्यासारखा लालसर व्हायचा, आणि त्याच वेळी देवघरातला झिरोचा बल्ब भगभगायला लागायचा. हॉलमधली एलईडी ट्यूब मात्र जशीच्या तशी! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी देवघरातलं बटण दाबलं आणि बल्ब फटकन उडाला. त्यानंतर त्यांनी घरातल्या एकाही बटणाला हात लावला नाही. समईच्या उजेडात बसून राहिल्या.

तक्रारीला तीनदा फोन केला. "लाईट आहे ना तुमच्याकडे? मग फॉल्ट घरातलाच," हेच उत्तर. गावातला एक इलेक्ट्रिशियन येऊन होल्डर बदलून पैसे घेऊन गेला. मेन स्विच बंद करा, एवढंसुद्धा दोघांपैकी कुणी सांगितलं नाही. त्याच रात्री सेटटॉप बॉक्स जळाला. तो वास अजून नाकातून जात नाही.

तुम्हाला नुसतं वर्णन ऐकूनच कळलं. फोनवर तुमचं पहिलं वाक्य होतं, "ताई, आधी मेन पाडा, मी निघालोच." आल्यावर मीटर लावून दाखवलंत: घरात येणाऱ्या तीन वीजतारांपैकी, म्हणजे फेजांपैकी, एकीवर १५० व्होल्ट, बाकी दोन्हींवर २८०. हवे २३०. पोलावर न्यूट्रलचा, म्हणजे तिन्ही फेजांच्या सामाईक परतीच्या तारेचा, जोड सुटला होता. न्यूट्रल गेला की तीन फेजांना सांभाळणारं कुणी उरत नाही, ज्याच्यावर लोड जास्त त्याचा व्होल्टेज पडतो आणि बाकीच्यांचा चढतो, हे तुम्ही सासूबाईंना त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून सांगितलंत. रात्रीचे साडेदहा वाजले होते, शर्ट भिजलेला होता, तरी घाई नाही. समजावून सांगायला किती वेळ लागतो हो? पाच मिनिटं. ती पाच मिनिटं आम्हाला दोन दिवसांत कुणी दिली नव्हती. समोरच्याला घाबरलेलं पाहून जो थांबतो, त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि एक गोष्ट मी जन्मात विसरणार नाही. काम झालं, नवा बल्ब लावला, सगळे दिवे तुम्ही लावून बघितलेत. देवघराचं बटण तेवढं ठेवलंत. म्हणालात, "आजी, हे तुम्ही दाबा. मी इथेच उभा आहे."

त्यांचा हात थरथरत होता. तुम्ही बोर्डाला आपला तळवा टेकवून ठेवलात, त्यांना दिसावा म्हणून. मग त्यांनी बटण दाबलं.

आता रोज दिवेलागणीला तो बल्ब त्याच लावतात. आम्हाला कुणाला लावू देत नाहीत.

तुमची,
त्या घरातली सून